नवरंगाचे छायाचित्र

ज्येष्ठ महिना लागला की सिंदेवाहीच्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. हा भातशेतीचा मुलूख. पावसावाचून त्याचे चालत नाही. याच सुमारास साग, मोह आणि बांबूच्या दाटीतून पहाटे व तिन्हीसांजेला एक स्पष्ट, दुहेरी शीळ ऐकू येते. ती नवरंगाची. हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढतो आणि विणीसाठी इकडील रानांत येतो. सकाळ-संध्याकाळ तो वेळेवर बोलतो, म्हणून तमिळ भाषेत त्याला 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचे नाव आहे.

हिरवी पाठ, खांद्यावर चमकदार निळा रंग, पांढरा गळा, बदामी पोट, शेपटीखाली लाल आणि डोळ्यावरून काळी पट्टी असे याचे रूप आहे. एवढे रंग ल्यालेला हा पक्षी फार लाजाळू असतो. पाचोळा उलटून तो किडे टिपतो आणि चाहूल लागताच झुडपाआड होतो.

अशा पक्ष्याचे छायाचित्र आपल्यापाशी असावे, असे कोणालाही वाटेल. त्यात गैर काहीच नाही. परंतु ते कसे मिळवावे, हा खरा प्रश्न आहे. काहीजण ध्वनिमुद्रित शीळ वाजवून नवरंगाला पुढे बोलावतात. त्या बिचाऱ्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नवरंग शिरला. मग तो चारा शोधणे सोडून त्या खोट्या शत्रूमागे धावतो. काहीजण घरटे नीट दिसावे म्हणून भोवतालच्या फांद्या दूर करतात. नवरंगाचे काटक्या-पानांचे गोल घरटे जमिनीवर किंवा ठेंगण्या झाडावर असते. त्याचा आडोसा गेला की ते कावळ्याच्या व सापाच्या नजरेस पडते.

"एका चित्राने असे काय बिघडते?" असे कोणी म्हणेल. पण आज एक जण आला, तर उद्या त्याच पाऊलवाटेने दहा जण येतात. विणीचा काळ थोड्याच महिन्यांचा असतो. तो वाया गेला, तर भरून निघत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्यांची व अंड्यांची नासधूस हा गुन्हा ठरविला आहे. तथापि प्रत्येक झुडपापाशी वनरक्षक उभा राहू शकत नाही. तेथे आपला विवेक हाच रक्षक होय.

वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी विदर्भाच्या रानांत वर्षानुवर्षे निरीक्षण केले, तेव्हा त्यांच्या हातून 'पक्षीकोश' घडला. रान घाई करणाऱ्याला फारसे काही देत नाही. सिंदेवाहीच्या जंगलात वाघाचा वावर आहे. म्हणून मुलांनी तेथे एकट्याने जाऊ नये. वडीलधाऱ्यांसह रानाच्या कडेला शांत बसावे. पहिली शीळ कोणत्या दिवशी ऐकली, हे दरवर्षी वहीत टिपून ठेवावे. नवरंग आपणहून समोर आला, तर दुरूनच छायाचित्र घ्यावे. नाही आला, तरी वहीतील ती नोंद मोलाचीच आहे. पक्ष्याचे घर मोडून मिळविलेल्या सुंदर चित्रापेक्षा, पुढल्या ज्येष्ठात पुन्हा ऐकू येणारी त्याची शीळ अधिक मौल्यवान आहे.