गॅस भरायच्या आधी मीटर लावा!



या आठवड्याच्या व्हिडिओत कार एसीचा कॉम्प्रेसर चालू होत नसेल तर काय बघायचं, ते दाखवलंय. इथे त्यातल्या धंद्याबद्दल बोलतो.

घोरावाडीतल्या माझ्या दुकानात उन्हाळ्यात गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच सांगतं, "दादा, एसी गार करत नाही, गॅस भरून द्या." आपणही लगेच मशीन लावतो. माझं मत स्पष्ट आहे: दुकानाचं नाव खराब होतं ते इथेच.

ही चूक मी स्वतः केलीय. एक टुरिस्ट गाडी आली, क्लच पकडत नव्हता. मी गेज न बघता गॅस काढून पुन्हा भरला. तेवढ्यात इंजिन थंड झालं, क्लच पकडला, मी पैसे घेतले. खंडाळ्याच्या घाटात एसी पुन्हा बंद! गाडीत प्रवासी होते. खरा दोष क्लचच्या गॅपमध्ये होता. झिजून गॅप वाढला की गरम झालेली कॉइल प्लेट ओढू शकत नाही. एक पातळ चकती काढली, काम झालं. मी पैसे परत दिले, पण तो ड्रायव्हर पुन्हा आला नाही. बीबीएला कस्टमर रिटेन्शनवर पानं भरून लिहिलं होतं, समजलं ते त्या दिवशी.

म्हणून क्रम पाठ करा. एसी लावून 'टक' आवाज ऐका. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, ते आधी बघा. मग फ्यूज. मग त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा. मग क्लचच्या सॉकेटवर मीटर. 12 व्होल्ट येतायत आणि क्लच पकडत नाही? मग कॉइल, अर्थिंग किंवा गॅप. कॉइल बहुतेक गाड्यांत 3 ते 5 ओहम दाखवते. गॅप साधारण अर्धा मिलिमीटर, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

व्होल्ट येतच नाहीत? आता गेज लावा. इंजिन बंद असताना, 30 अंशांच्या आसपास, आर-134ए चा दाब साधारण 95 पीएसआय असतो. एवढा दाब म्हणजे गॅस पूर्ण आहे असं नाही, पण प्रेशर स्विच चालू व्हायला तो पुरतो. मग स्विच आणि वायरिंग तपासा. दाब फारच कमी असेल तर स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर थांबवतो, कारण ऑइल गॅसबरोबरच फिरतं. तिथे स्विच बायपास करून गाडी देऊ नका, कॉम्प्रेसर जाम होईल. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कुठून तरी गळतो. आधी लीक शोधा.

आता पैशाचं. तपासणीची फी घ्या, बोर्डावर लिहा. "शेजारचा फुकट बघतो," असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या. फुकट बघणाऱ्याला काहीतरी विकावंच लागतं, आणि तो गॅसच विकतो. तुम्ही मात्र दहा मिनिटांत रिले बदलून गाडी सोडू शकता, कारण तुमची कमाई तुमच्या डोक्याची आहे, सिलिंडरची नाही. गिऱ्हाइकाला मीटरवरचा आकडा दाखवा, जुना पार्ट हातात द्या.

नवीन दुकान टाकताय? गॅस मशीनच्या आधी चांगला मल्टिमीटर घ्या.