दीड तासाचं विमान, अर्ध्या दिवसाचा प्रवास

मुंबई-नागपूर विमानाला साधारण दीड तास लागतो. माझी लेक नागपूरला असते, त्यामुळे हा आकडा मला पाठ आहे. पण आम्ही राहतो कल्याणला, पारनाक्यावर. सकाळी दहाचं विमान असेल, तर पहाटे पाचला घर सोडावं लागतं. घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे पुन्हा मेट्रो बदलायची की पुढचं स्टेशन विमानतळाचं. बॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणं म्हणजे काय, हे कल्याणकरांना सांगायला नको.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून विमानं उडू लागली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. नकाशात ते विमानतळ आपल्याला जवळचं. रस्त्यात मात्र शिळफाट्याची वाहतूक कोंडी आहे. रेल्वेने जायचं तर आधी ठाणे गाठा, मग गाडी बदला. ठाण्याला गाडी न बदलता कल्याणहून नवी मुंबईला नेणाऱ्या कळवा-ऐरोली उन्नत मार्गाच्या प्रकल्पातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. कळव्याकडचा जोड मात्र तिथल्या रहिवाशांच्या पुनर्वसनापाशी अडून राहिला. त्यांना आधी हक्काची घरं द्या, मगच रूळ टाका, हे मी ठामपणे म्हणेन. कल्याण-तळोजा मेट्रो होईल तेव्हा होईल.

बस मात्र आजही वाढवता येतात. कल्याण-डोंबिवलीच्या केडीएमटीने आणि नवी मुंबईच्या एनएमएमटीने एकत्र बसून कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबई विमानतळाला थेट, सामानाला जागा असलेल्या भरपूर बस सोडाव्यात. पहिली पहाटे चारला.