भरलेला गल्ला म्हणजे नफा नव्हे

रावेतच्या मुकाई चौकानजीक आपल्यापैकी एका तरुणाने कॉफीचे लहानसे दुकान घातले आहे. भाडेकरारासंबंधी सल्ला घेण्यास तो माझ्याकडे आला. “धंदा उत्तम चालला आहे, वकीलसाहेब, गल्ला रोज भरतो,” असे त्याने सांगितले. जमाखर्चाची वही मागितली, तेव्हा वहीच नव्हती!

समजा, कॉफीचा एक पेला 60 रुपयांस विकला. त्यात पूड 16 रुपयांची, दूध 9 रुपयांचे, साखर, पेला व गॅस मिळून 5 रुपये. म्हणजे हाती राहिले 30. दुकानाचे भाडे 25,000, मजुरी 25,000, वीज 6,000 आणि यंत्राची झीज 4,000, असा दरमहाचा 60,000 रुपयांचा खर्च भरून निघण्यास 2,000 पेले विकावे लागतात. नफ्याचा आरंभ त्यानंतरच्या पेल्यापासून होतो.

मजुरीच्या रकमेकडे पाहून तो तरुण हसला. “मजुरी कोणाला द्यायची? आई भांडी विसळते, मी उभा राहतो.” हीच त्याच्या हिशेबातील खरी चूक होय. महार वतन 1958 च्या कायद्याने नष्ट झाले आणि गावकीच्या वेठीतून आपला समाज सुटला. आता तीच बिनमोल वेठ आपण आपल्याच आईकडून घ्यावी आणि तिला नफा म्हणावे काय? घरच्या माणसाची मजुरी प्रथम खर्चात मांडलीच पाहिजे.

कच्च्या मालाचा भावही आपल्या हाती नसतो. ब्राझीलमधील अवर्षणामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये जागतिक बाजारात अरेबिका कॉफीच्या भावाने उच्चांक गाठला. ज्याच्यापाशी गंगाजळी नाही, तो अशा वेळी सावकाराचे दार ठोठावतो.

यास्तव महिन्याला 2,700 पेले विकून 21,000 रुपये उरले, तर त्यांचे काय करावे? भगवान बुद्धांनी सिगाल नामक गृहस्थपुत्रास केलेल्या उपदेशात याचे उत्तर आहे. संपत्तीचे चार भाग करावे. एक उपभोगास, दोन व्यवसायात आणि चौथा आपत्काळासाठी ठेवावा. त्याप्रमाणे 5,250 रुपये घरी न्यावे, 10,500 यंत्रसामग्रीत व मालात घालावे आणि उरलेले 5,250 बँकेत ठेवावे. लग्नसमारंभाच्या थाटासाठी व्यवसायाचे दोन भाग मोडणारा मनुष्य आपल्याच दुकानाचा पाया खणतो.

भाडेकरार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. दुकानाच्या सजावटीत पैसा ओतण्यापूर्वी त्या जागेवरील आपला हक्क कागदावर आणावा.

कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास घेतली, तेव्हा 1957 साली ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथील कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली. पेले उचलणारे हात मालकीही सांभाळू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले.

एके काळी हॉटेलाबाहेर आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) ने दुकाने व उपाहारगृहे सर्वांस खुली केली. आज त्याच समाजातील तरुणाच्या हातची कॉफी रावेतचे सर्व लोक पितात. हे दुकान दोन वर्षांत बुडता कामा नये. संविधानाने दार उघडले; ते उघडे ठेवण्याचे काम त्या वहीचे आहे.