आधी सूज, मग डायलिसिस

स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या काही मूत्रपिंडविकारांत रक्तद्रवातील कोलेस्टेरॉल गाळून काढतात. जपानमध्ये हा खर्च सार्वजनिक आरोग्यविमा उचलतो. अमेरिकेने २०१३ मध्ये बालरुग्णांसाठी मर्यादित परवानगी दिली. उपचार हमखास नव्हे. पण काहींना थकलेली औषधे पुन्हा लागू पडतात. रुग्ण मोजकेच, म्हणून बाजाराला त्यांचे सोयरसुतक नाही.

नागपुरास असे केंद्र निघाले, तरी भामरागडच्या माडिया बापाने मजुरी बुडवून, तीनशेहून अधिक किलोमीटर, बारा खेपा मुलाला न्यायचे कसे? २०१६ ची मोफत डायलिसिस योजना स्वागतार्हच. पण ती मूत्रपिंड निकामी झाल्यावरची. सुजलेल्या मुलाची लघवी उकळून प्रथिने पाहायला यंत्र लागत नाही. ही तपासणी उपकेंद्रातच व्हावी, पुढील उपचाराबरोबर प्रवासखर्च व बुडालेली मजुरीही शासनाने द्यावी, ही मागणी चंद्रपूर-गडचिरोलीतील कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून लावून धरावी.