आधी वही, मग यंत्र

जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख जवळ आली, की राजापेठेतील कित्येक दुकानांत दिवेलागणीनंतरही लॅपटॉप चालू असतो. अशाच वेळी तो मंदावतो आणि घरातील एखादा जाणता मुलगा त्याला जुन्या तारखेच्या स्थितीवर नेऊ पाहतो. विंडोजमधील या सोयीला ‘सिस्टीम रिस्टोअर’ म्हणतात. चार्जर लावायचे राहून जाते, काम अर्धे असताना बॅटरी संपते आणि पुढे पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्यांखेरीज काही उमटत नाही. घरात घबराट पसरते. लॅपटॉप नवा घेता येतो. ग्राहकांकडील उधारी आणि वर्षाचा जमाखर्च मात्र बाजारात विकत मिळत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सिस्टीम रिस्टोअर विंडोजच्या स्वतःच्या फाइली, ड्रायव्हर, प्रोग्राम आणि मांडणी मागे नेते. पत्रे, छायाचित्रे अशा खासगी फाइलींना ते सहसा हात लावत नाही. म्हणून ते मध्येच थांबले, तरी डिस्कवरील हिशेब बहुधा शाबूत असतो. गोदामाचे कुलूप अडकले म्हणून आतील माल नासत नाही, तसेच हे. खरे नुकसान पुष्कळदा नंतरच्या उतावळ्या दुरुस्तीत होते.

याचा मोठा दाखला १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतात विमानतळांवर रांगा लागल्या आणि काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय मात्र साधा होता. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये उघडून ती एक फाइल काढली, की ते पूर्ववत चाले, डिस्क पुसावी लागत नसे. अडचण झाली ती बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कच्या बाबतीत. तेथे ४८ अंकी किल्ली हाताशी नसलेल्यांचा खोळंबा झाला.

दुकानातील लॅपटॉपलाही हाच क्रम लागू पडतो. पुनर्स्थापनेचे काम चालू असल्याची सूचना पडद्यावर दिसत असेल, तर चार्जर लावून एक-दोन तास वाट पाहावी. तरीही यंत्र अडूनच राहिले, तर चालू करताना कंपनीचे चिन्ह उमटताच पॉवरचे बटण दाबून धरून ते बंद करावे. असे दोन-तीनदा केल्यावर विंडोज बहुधा आपले दुरुस्तीचे पान उघडते. त्यातील ‘ट्रबलशूट’मध्ये प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’, नंतर सेफ मोड आणि त्यानंतर आणखी जुन्या तारखेचे रिस्टोअर, असे उपाय एकामागून एक करून पाहावेत.

‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय सर्वांत शेवटचा. त्यात ‘माझ्या फाइली ठेवा’ असे आश्वासन असते. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा अनेकदा वैयक्तिक फोल्डरच्या बाहेर असतो आणि त्या आश्वासनात तो येईलच असे नाही. त्याआधी जाणकाराकडून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, किंवा पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, हिशेब बाहेर काढून घ्यावा. दुरुस्तीला देताना ‘डेटा आधी काढा, मग फॉरमॅट करा’ हे लेखी द्यावे.

आजच पाहून ठेवावी अशी एक बाब आहे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ते खाते दुकानाच्या मालकाचे आहे, की विक्रीच्या दिवशी लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या पोराचे? दुसऱ्याचे असेल, तर स्वतःच्याच वह्यांपुढे मालक परका ठरतो. ती किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. बंद पडलेला लॅपटॉप या जबाबदारीतून कोणालाही मोकळे करीत नाही. बँकांत संगणक आले, तेव्हा दिवसाअखेर प्रत काढून ती अन्य ठिकाणी ठेवण्याची शिस्तही आली. जुना मुनीम रोकड जुळल्याशिवाय दुकान बढवीत नसे; त्याच सवयीने रोज रात्री हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो लॅपटॉपच्याच पिशवीत न ठेवता घरी न्यावा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही न वटणाऱ्या धनादेशासारखी असते. गरज पडेपर्यंत ती खरीच वाटते.