‘च’ची भाषा आणि उलटे सोनगीर

‘चतू चठेकु चललासचा?’ हे वाचून ज्यांना हसू फुटले, त्यांना ‘च’ची भाषा शिकवायला नको. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे, पुढे ‘च’ लावायचा, झाले! सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके पडत असत आणि आम्ही पोरे त्यावर आवाज चढवून मोठ्यांच्या देखत आपली गुपिते बोलत असू. घरची अहिराणी असो की शाळेतली मराठी, ‘च’ दोघींना चाले.

हल्ली हा उद्योग इंटरनेटवर चालतो. वाक्य टाका, ते उलटे होते, डोक्यावर उभे राहते. माझ्या नातवाने त्यात गावाचे नाव टाकले. यायला हवे होते ‘रगीनसो’. आले ‘रीगनोस’! ‘गी’ची वेलांटी ‘र’ने पळवली, ‘सो’चा ओकार ‘न’ला चिकटला. कारण साधे आहे. यंत्राच्या लेखी ‘सो’ हे एक अक्षर नाहीच. ‘स’ वेगळा, ओकार वेगळा, दोघांना वेगवेगळे क्रमांक. खेळणे बनवणाऱ्याने बहुधा इंग्रजीपुरताच विचार केला. जोडाक्षरे अखंड धरण्याचा देवनागरीसाठीचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत आला तोही २०२३ साली. सात वर्षांच्या पोराला तो तोंडपाठ असतो, कुणी न शिकवता.

अक्षरांची अदलाबदल हा आपल्याकडे नुसता पोरखेळही नव्हता. महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’ लिपीत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे. बाहेरच्यांना ते कित्येक शतके वाचता आले नाहीत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचे कोडे सोडवले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून आमच्या धुळ्यातच आहे.

मला चिंता यंत्राची नाही, ते सुधारेल. आमची नातवंडे मराठी निरोपही रोमन लिपीत लिहितात. नातवाला ‘च’ची भाषा सांगू लागलो, तर त्याने विचारले, “आजोबा, पहिले अक्षर म्हणजे ‘एस’ की ‘एसओ’?” कानाला ‘सो’ एकसंध ऐकू येणे हीच या खेळाची सगळी पुंजी, आणि तीच खर्ची पडते आहे.

शाळाशाळांत संगणकाचा तास असतो. तिथे मुलांना ‘च’ची भाषा बोलणारे यंत्र बनवायला सांगावे. ‘ज्ञानेश्वर’ टाकल्यावर ‘चनेश्वरज्ञा’ येईपर्यंत त्यांना सोडू नये.