विश्लेषण : घरातल्या काचेत प्रवाळ जगवायचे, तर टाकी किती मोठी हवी?

मालवणच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या होड्यांतून दर हंगामात हजारो पर्यटक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंगला उतरतात. काही मिनिटे पाण्याखाली डोके घातल्यावर प्रवाळ आणि त्याभोवती फिरणारे रंगीत मासे दिसतात आणि किनाऱ्यावर परतताना अनेकांच्या डोक्यात एकच विचार असतो : असा समुद्राचा तुकडा घरी ठेवता आला तर! मोबाइलवर ‘नॅनो रीफ’चे व्हिडिओ पाहिले की हे काम फारच सोपे वाटते. हल्ली होम-स्टेच्या स्वागतकक्षातही अशी टाकी असावी, असे काहींना वाटू लागले आहे. मग पहिला प्रश्न विचारला जातो, ‘केवढी टाकी घ्यायची?’ बहुतेक जण त्याचे उत्तर खिशाकडे आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहून देतात. तिथेच चूक होते.

आकाराला एवढे महत्त्व का?

समुद्रात पाण्याचे गुणधर्म हळूहळू बदलतात. प्रवाळ आणि त्यावर जगणारे जीव याच संथपणाला सरावलेले असतात. टाकीत हा संथपणा फक्त पाण्याच्या प्रमाणातून मिळतो.

साधे गणित पाहा. प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटर असलेल्या चौकोनी टाकीत २७ लिटर पाणी मावते. बाजू दुप्पट, म्हणजे ६० सेंटिमीटर केली, तर पाणी २१६ लिटर होते. म्हणजे पाणी आठपट झाले, पण बाहेरच्या हवेला भिडणारा पृष्ठभाग फक्त चौपट झाला. त्यामुळे दुपारच्या उन्हात छोटी टाकी ज्या वेगाने तापते, त्याच्या साधारण निम्म्या वेगाने मोठी तापते. चिमूटभर खाद्य जास्त पडले किंवा एखादा मासा खडकाआड मरून कुजला, तर त्यातून सुटणारा अमोनिया मोठ्या टाकीत आठपट विरळ होतो. छोट्या टाकीत तोच अमोनिया रात्रीत सगळे संपवू शकतो.

म्हणूनच ‘सुरुवात छोटीपासून करू, जमले तर मोठी घेऊ’ हा सल्ला इथे उलटा पडतो. छोटी टाकी स्वस्त असते, पण सांभाळायला सर्वांत अवघड असते. पाणी कसे वागते हे ज्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने कळते, तो ४० लिटरमध्येही प्रवाळ जगवतो. नवख्याला ते जमत नाही आणि त्याची किंमत मुका जीव मोजतो.

मग नेमकी किती लिटर?

सर्व बाजू तोलल्या, तर नवख्या घरासाठी २०० ते ३०० लिटर हा पल्ला योग्य ठरतो. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि हजाराने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. खडक आणि वाळू जागा खातात, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी दहा-पंधरा टक्के कमीच भरते. टाकीखाली फिल्टरची दुसरी टाकी, म्हणजे सम्प, ठेवली तर तिचे पाणीही एकूण साठ्यात धरता येते. जागा कमी असेल तर पाणी वाढवण्याचा हा सर्वांत शहाणा मार्ग आहे.

लिटरइतकाच आकारही महत्त्वाचा. ६० बाय ४५ बाय ७५ सेंटिमीटरची उंच टाकी आणि ९० बाय ५० बाय ४५ची पसरट टाकी या दोन्हींत सुमारे २०२ लिटरच पाणी मावते. पण पहिलीचा वरचा पृष्ठभाग २,७०० चौरस सेंटिमीटर आहे, तर दुसरीचा ४,५००. प्राणवायू याच पृष्ठभागातून पाण्यात मिसळतो. उंच टाकीत तळाशी प्रकाश कमी पोहोचतो, माशांना सरळ पोहायला जागा मिळत नाही आणि साफसफाईला हातही पुरत नाही. दिवाणखान्यात उंच टाकी रुबाबदार दिसते हे खरे, पण आत राहणाऱ्यांच्या सोयीची पसरटच.

मासे कोणते हवेत, यावरूनही आकार ठरतो. ‘फाइंडिंग निमो’मुळे घरोघरी पोहोचलेला क्लाउनफिश जेमतेम दहा सेंटिमीटरचा होतो, त्याची जोडी २०० लिटरमध्ये आरामात राहते. त्याच चित्रपटातली निळी ‘डोरी’ मात्र सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दिवसभर पोहत राहते. दुकानात ती बोटभर असते, म्हणून तीन फुटी टाकीसाठी घेतली जाते. सहा फुटी टाकी नसेल, तर तिचा मोह टाळलेला बरा.

घर आणि वीज काय म्हणते?

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते. एका लिटरचे वजन सुमारे १.०२५ किलो. २०० लिटरच्या टाकीत पाण्याचेच दोनशे किलो होतात. काच, स्टँड, खडक, वाळू आणि सम्प धरून हा भार तीनशे किलोंच्या पुढे जातो आणि तो अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेवर पडतो. राहत्या घराच्या स्लॅबची रचना करताना प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलोंचा वापरभार गृहीत धरतात. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण तो भार संपूर्ण खोलीभर धरलेला असतो. पण वरच्या मजल्यावर टाकी खोलीच्या मध्यभागी किंवा बाल्कनीत नको, तुळईजवळ आणि भिंतीलगत हवी. चारशे लिटरच्या पुढे जायचे असेल, तर आधी अभियंत्याला विचारावे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. प्रवाळाच्या टाकीत पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस राखावे लागते. पुण्यासारख्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने ते बरेच गार होते. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या दमट हवेत ही युक्ती तोकडी पडते. हवेतच ओल इतकी असते की पाणी उडत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर चिलर जवळपास अटळ.

आता विजेचा हिशेब. १०० वॉटचे दिवे नऊ तास, ४५ वॉटचे पंप चोवीस तास आणि ३०० वॉटचा चिलर दिवसातून बारा तास चालला, तर रोज साडेपाच युनिट आणि महिन्याला १६५ ते १७० युनिट होतात. घरगुती वीजदराचा १०० युनिटांचा पहिला टप्पा एकटी टाकीच ओलांडते.

आणि वीज गेली तर? मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ गेल्यानंतर सिंधुदुर्गातल्या अनेक गावांत कित्येक दिवस दिवे नव्हते. पंप बंद पडला की प्रवाह थांबतो, प्राणवायू घटतो आणि मासे आधी गुदमरतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे १,४०० वॉट-अवर मिळतात असे धरले, तर ३० वॉटचा एकच पंप जवळपास दोन दिवस चालेल. त्यावर चिलरही लावला, तर चार-पाच तासांत बॅटरी आडवी. म्हणजे कोकणात टाकीचा आकार ठरवताना पावसाळ्यातल्या सलग दोन दिवसांच्या अंधाराचा विचार आधी करावा लागतो. मोठी टाकी इथे थोडा वेळ मिळवून देते, पण तो तासांचा असतो, दिवसांचा नव्हे.

समुद्र दारात आहे, मग पाणी फुकट नाही का?

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा मोह पहिल्यांदा होतो. पण पावसाळ्यात कर्ली, गड यांसारख्या नद्या गोडे पाणी आणि गाळ घेऊन समुद्रात उतरतात, काठच्या पाण्याची क्षारता घसरते. धक्क्याजवळच्या पाण्यात होड्यांचे डिझेल मिसळलेले असते. टाकीला रोज सारखेच पाणी हवे असते, समुद्राचा काठ ते देत नाही. म्हणून बाजारातले सागरी मीठ शुद्ध केलेल्या आरओ-डीआय पाण्यात मिसळणे हाच खात्रीचा मार्ग. लिटरमागे ३५ ग्रॅम या प्रमाणाने २०० लिटरला पहिल्यांदा सात किलो मीठ लागते आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले, तर महिन्याला सुमारे तीन किलो. रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर मात्र बिनमिठाच्या पाण्याने करायची, कारण उडते ते पाणी, मीठ टाकीतच राहते.

टाकी भरल्यावर पहिले चार ते सहा आठवडे मासे सोडू नयेत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतोच. घाई करणाऱ्याचे पहिले मासे हमखास मरतात.

खडक किनाऱ्यावरून उचलला तर?

हा या विषयातला सर्वांत कळीचा मुद्दा. मालवण सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर येतो. इथे पोराइट्स, फेवाइट्स, टर्बिनेरिया अशा कठीण प्रवाळांच्या वसाहती आहेत. गढूळ पाणी सोसत त्या टिकल्या आहेत. पोराइट्ससारखा गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. पिशवीत सहज मावणारा, वीतभर रुंदीचा एक गोळा म्हणजे जवळपास दहा वर्षांची वाढ.

खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये स्थान आहे. म्हणजे कागदोपत्री त्यांचे संरक्षण वाघाच्या पंक्तीतले. ते तोडणे, विकणे किंवा जवळ बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि, २०२२च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ‘मेलेला दगड उचलला’ ही सबब चालत नाही, प्रवाळाचा सांगाडाही संरक्षितच. दुकानात मिळते म्हणून ते कायदेशीर, असेही नाही. परदेशी जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे आणि २०२४च्या नियमांनुसार अशा यादीतील जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. विक्रेता कागद दाखवत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कायद्यापलीकडे न्यायाचाही प्रश्न आहे. या अभयारण्यामुळे आपल्या मासेमारीवर गदा येईल, या भीतीने इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी अनेक वर्षे विरोध केला. ज्यांची चूल याच पाण्यावर पेटते, त्यांना निर्बंधांचे धडे द्यायचे आणि हौशीने मात्र शोभेसाठी तिथलाच दगड उचलायचा, हे पटणारे नाही. त्यात समुद्राचा ताप वाढतो आहे. २०१५मध्ये मालवणचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. जगातली चौथी जागतिक ब्लीचिंग घटना एप्रिल २०२४मध्ये जाहीर झाली. अशा वेळी हौशीने उचललेला एक-एक तुकडाही महागात पडणारा.

मग हौस करायचीच नाही का?

करावी, पण स्वच्छ मार्गाने. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम खडक वापरावेत, त्यांच्या छिद्रांतही जिवाणू तितकेच नांदतात. मासे समुद्रातून पकडलेले न घेता संवर्धन केंद्रात वाढवलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे. कठीण प्रवाळांचा हट्ट सोडावा. आणि हौस फिटली म्हणून टाकीतले जीव समुद्रात सोडू नयेत. १९८४मध्ये मोनाकोच्या मत्स्यालयाजवळ समुद्रात आढळलेले कॉलर्पा शेवाळ पुढे भूमध्य समुद्राच्या मोठ्या पट्ट्यात पसरले.

काचवाल्याला फोन करण्यापूर्वी कागदावर चार आकडे लिहावेत : जमीन किती किलो पेलेल, बिलात किती युनिटांची भर सोसेल, वीज नसताना पंप किती तास चालेल आणि दर आठवड्याला पाणी बदलायला घरातले कोण, किती वेळ देईल. हे चारही आकडे २०० लिटरला पुरले, तर टाकी आणावी. एकही कमी पडला, तर टाकी लहान करून भागत नाही, कारण लहान टाकी सांभाळायला आणखी कठीण. अशा घराने गोड्या पाण्यातले गप्पी पाळावेत आणि प्रवाळ पाहायला ऑक्टोबर ते मे या काळात मालवण गाठावे. पाण्यात उतरताना पाय प्रवाळावर न टेकवण्याची खबरदारी तेवढी घ्यावी.